डब्यातली पोळी कमी करायची की उसळ-भाजी वाढवायची? दुपारच्या जेवणाची नेमकी मापं हवी आहेत

कणीक_कोथिंबीर
वजन कमी करण्यासाठी ऑफिसचा डबा कसा भरायचा, याची मापं हवी आहेत. 'भरपूर सॅलड खा, तळकट टाळा' एवढ्याने डबा भरत नाही. हिशोबासाठी धरून चला: वजन ७० किलो, दिवसभर बैठं काम, शाकाहारी, दिवसाचं लक्ष्य १५०० कॅलरी. डबा सकाळी सातला भरतो आणि दीडला उघडतो. गरम करायची सोय नाही.

सध्याचा डबा असा: घडीच्या चार पोळ्या, बटाट्याची भाजी, एक वाटी भात, वरण, लोणचं. चार वाजता भूक लागते ती वेगळीच. यात काय बदलायचं आणि किती? महिनाभर टिकेल असं सांगा.

दणकट_गडी
पोळी बंद, भात बंद. नुसती भाजी आणि पनीर. पंधरा दिवसांत फरक दिसतो.

मोजमाप
@दणकट_गडी, पंधरा दिवसांत दिसतो तो फरक बराचसा पाण्याचा असतो. पिष्ट एकदम तोडलं की शरीरातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा रिकामा होतो आणि त्याच्याबरोबरचं पाणी जातं. पोळी सुरू केली की ते परत येतं. शिवाय पनीरला हलकं समजू नका. १०० ग्रॅममध्ये १८-१९ ग्रॅम प्रोटीन आहे हे खरं, पण कॅलरी अडीचशेच्या वर आणि त्यातल्या बहुतेक स्निग्धांशाच्या.

आता मूळ डब्याचा हिशोब. सगळं कच्च्या वजनावर मोजतो, कारण शिजल्यावर पाणी किती राहिलं त्यावर वाटीचं वजन बदलतं.

चार पोळ्या, प्रत्येकी ३५ ग्रॅम कणीक: ४७० कॅलरी. घडीत लावलेलं तेल, पोळीला अर्धा चमचा धरून: ८०. बटाटा १५० ग्रॅम: ११५. भाजीच्या फोडणीला पोह्याचा एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली तेल: १२०. शिजलेला भात १२० ग्रॅम: १५५. वरण, तेही पातळ: ४०. एकूण ९८० च्या आसपास. दिवसाच्या १५०० पैकी दोन तृतीयांश इथेच संपले.

माझ्या मते डबा असा असावा:
मिळून ६० ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्या, २०० कॅलरी.
४० ग्रॅम कोरड्या मटकीची, मुगाची नाहीतर मसुराची दाट उसळ, १३०.
२०० ग्रॅम चिरलेली फळभाजी किंवा पालेभाजी, ५०.
दही १०० ग्रॅम, ६०.
काकडी, टोमॅटो, मुळा, गाजर यांपैकी काहीही १०० ग्रॅम, २०-२५.
तेल सगळं मिळून ३ चहाचे चमचे, १२०.
झाले ५८०. आकाराने हा डबा आधीच्यापेक्षा लहान दिसत नाही. बटाटा, रताळं, सुरण ही भाजीत मोजायची नाहीत, ती पोळीच्या खात्यात जातात.

चौकस
हिशोब आवडला, पण एक शंका. जुन्या डब्यातलं प्रोटीन मोजलं तर १४० ग्रॅम कणकेतून १५, बटाट्यातून ३, भातातून ३, वरणातून पावणेतीन, म्हणजे २३-२४ ग्रॅम. तुमच्या नव्या डब्यात कणकेतून साडेसहा, मटकीतून ८-९, भाजीतून ४, दह्यातून ३, म्हणजे २२. मग 'आपल्या डब्यात प्रोटीनच नसतं' ही ओरड कशाला?

मोजमाप
@चौकस, अगदी बरोबर पकडलंत, आणि मुद्दा तिथेच आहे. तेवढंच प्रोटीन ४०० कॅलरी कमी खर्चून मिळतंय. जुन्या डब्यात ते मिळवायला चार पोळ्या खाव्या लागतात. नुसत्या पोळ्या निम्म्या केल्या आणि बाकी काही बदललं नाही, तर प्रोटीनही सात-आठ ग्रॅमने खाली येतं आणि चार वाजता भूक लागते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी उसळ आणि भाजी वाढवायची, मग पोळी कमी करायची. उलटं केलं की आठवड्यात डबा पूर्वीसारखा होतो.

दुसरं, गव्हाच्या प्रोटीनमध्ये लायसिन हा प्रोटीनचा एक आवश्यक घटक कमी असतो आणि तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून निघते.

दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम ही आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस. ७० किलोला ५८ ग्रॅम. वजन उतरवताना स्नायू झिजू नयेत म्हणून किलोमागे एक ग्रॅमपर्यंत जायला हरकत नाही. दुपारी २२ मिळाले की बाकीचे दूध, डाळ, फुटाणे यांतून जमतात.

वरणफळं
वरणाबद्दल चौकस यांनी 'पावणेतीन' लिहिलंय त्यावर थांबा जरा. चार माणसांत ५० ग्रॅम तूरडाळ शिजली की वाट्याला साडेबारा ग्रॅम डाळ येते. घरोघरी 'आम्ही रोज डाळ खातो' म्हणतात ती ही डाळ. माणशी ३० ग्रॅम कोरडी डाळ कुकरला लागली पाहिजे, तर साडेसहा ग्रॅम प्रोटीन. मग ते वरण आपोआप दाट होतं आणि डब्यातून सांडतही नाही.

पळी_आणि_डाव
मोजमाप यांचा डबा उत्तम, पण तेल पुन्हा बघा. दुपारीच ३ चमचे झाले तर सकाळचे पोहे आणि रात्रीची आमटी कशात करायची?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत २००० कॅलरीच्या ताटाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. १५०० ला त्या प्रमाणात २० ग्रॅम, म्हणजे साडेचार चहाचे चमचे, पूर्ण दिवसाला. घरात तपासायची सोपी रीत: तेलाची एक लिटरची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख घाला. दोन माणसांत ती २५ दिवस पुरली तर माणशी रोज २० मिली. बारा-पंधरा दिवसांत संपत असेल तर डब्यातली पोळी मोजून उपयोग नाही, गळती कढईत आहे.

तेल कमी केलं की भाजी लागते, ही नेहमीची तक्रार. त्यावर झाकणावरचं पाणी हाच उपाय. एक चहाचा चमचा तेल, मोहरी पूर्ण तडतडू द्यायची, मग हिंग-हळद. भाजी टाकून दोन मिनिटं परता, मीठ घाला, म्हणजे भाजी स्वतःचं पाणी सोडते. वर खोलगट झाकण आणि त्यात अर्धी वाटी पाणी. झाकण थंड राहतं, आतली वाफ त्याला लागून थेंब होऊन परत भाजीवर पडते. कोबी, दुधी, दोडका, पडवळ, घेवडा, फरसबी सगळ्यांना चालतं. भाजी कोरडी वाटली तर झाकणावरचं गरम झालेलंच पाणी आत ओता. गार पाणी ओतलं की शिजणं थबकतं आणि गवार-फरसबी दडस राहते.

फसतात त्या दोन भाज्या. वांगं कढईत पडल्याबरोबर तेल पिऊन टाकतं आणि कोरडं दिसतं म्हणून आपण आणखी ओततो. त्याला आधी वाफवून घ्या किंवा भरीत करा. भेंडीला चिकटपणासाठी तेल वाढवलं जातं. ती धुऊन पूर्ण कोरडी करून मगच चिरा, झाकण ठेवू नका, आणि एखादं आमसूल टाका.

मोजमाप
@पळी_आणि_डाव, मान्य. तीन चमचे जास्तच धरले होते. पोळ्यांना मिळून अर्धा, उसळीला अर्धा, भाजीला एक असे दोन चमचे करतो. डबा ५४० वर आला.

सुगरण_सातारा
पोळीचं तेल वाचवायला फुलके करा असं कोणी सुचवण्याआधी सांगते: फुलका डब्यात एक वाजेपर्यंत चामट होतो. घडीच्या पोळीतला तेलाचा थर ती मऊ ठेवतो. मधला मार्ग म्हणजे घडीला तेल नखभर आणि भाजताना तेल नाही. पोळ्या जाळीवर किंवा कापडावर वाफ जाईपर्यंत ठेवायच्या, मग सुती कापडात गुंडाळून डब्यात. गरमच झाकल्या तर खाली पाणी सुटून ओल्या होतात.

तीस ग्रॅम कणकेची पोळी म्हणजे केवढी, ते एकदाच वजनकाट्यावर बघून घ्या. मळल्यावर तो गोळा साधारण ४८ ग्रॅम भरतो. तेवढा गोळा दोन-तीन दिवस हातात घेतला की पुढे काटा लागत नाही.

निवांत_सोमवार
काटा, ग्रॅम, मिली... जेवणाची मजाच जाते अशाने. आपल्या आज्या काय मोजत होत्या का?

मोजमाप
@निवांत_सोमवार, रोज मोजायचं नाही. आठवडाभर मोजायचं आणि आपली भांडी ओळखायची. 'एक वाटी' ही घराघरांत वेगळी असते: आमटीची छोटी वाटी १०० मिलीची, मोठी २०० च्या वर. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. मग तीच वाटी कायमची.

बांधावरची_ज्वारी
पोळी काढून भाकरी घाला की! तेल लागत नाही, ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रोटीन) नाही, तंतू भरपूर.

सुगरण_सातारा
तेल लागत नाही हा मोठा फायदा, त्याला अनुमोदन. पण भाकरी खाल्ली की वजन उतरतं असं नाही. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठाच्या कॅलरी जवळजवळ सारख्या, आणि एक भाकरी ६०-७० ग्रॅम पिठाची असते. म्हणजे एक भाकरी दोन पोळ्यांच्या बरोबरीची. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकरी ठेवल्या तर तुम्ही पिष्ट दुप्पट केलंत. ग्लुटेनचा ज्यांना त्रास आहे त्यांच्यासाठी तो मुद्दा खराच आहे, वजनाशी त्याचा संबंध नाही.

डब्यासाठी भाकरी कडक होते ती जुन्या पिठाने. विरी गेलेलं पीठ असेल तर उकळतं पाणी घालून उकड काढा, झाकून पाच मिनिटं ठेवा, मग कोमट पाण्याचा हात लावून भरपूर मळा. भाकरी पातळ थापा, पाणी लावलेली बाजू कोरडी पडायच्या आत उलटा, नाहीतर चिरा पडतात. गार भाकरी थोडी घट्ट होणारच. तिच्याबरोबर रस असलेली उसळ किंवा पिठलं द्या, कोरडी भाजी नको. ३० ग्रॅम बेसनाच्या पिठल्यात सहा ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, आणि पिठलं झुणक्यापेक्षा निम्म्या तेलात होतं.

आगर_रत्नांग्री
सगळे पोळीवरच. आमच्याकडे दुपारी भातच असतो, मग आम्ही काय करायचं?

मोजमाप
भात खा. ६० ग्रॅम कणकेच्या जागी ६० ग्रॅम तांदूळ. शिजून साधारण १७०-१८० ग्रॅम भात होतो आणि कॅलरी तेवढ्याच. फरक तंतूंचा आहे: पांढऱ्या तांदळात कणकेच्या मानाने फारच कमी, म्हणून भाताबरोबर भाजी वाढवायला लागते. अडचण भात खाल्ल्याने होत नाही, पोळ्या खाऊन वर 'थोडा भात' घेतल्याने होते. एका डब्यात एकच.

सोलकढी_घोटभर
मासे खाणाऱ्यांना प्रोटीनची चिंता नाही. बांगड्याचं काटे काढून १०० ग्रॅम मांस म्हणजे १८-२० ग्रॅम प्रोटीन. लक्ष ठेवायचं ते नारळावर. माणशी ३० ग्रॅम ओलं खोबरं वाटणात गेलं तर शंभरावर कॅलरी तिथेच, आणि वर सोलकढी घेतली की तोच नारळ परत मोजावा लागतो. दोन्हीपैकी एक नारळाचं. सोलकढी हवी तर मासा हळद-मीठ-आगळ लावून तव्यावर चमचाभर तेलात भाजा. रवा लावून तळलेली तुकडी तेल धरून ठेवते.

अवांतर: खोबऱ्याचं वाटण उन्हाळ्यात दीडपर्यंत आंबतं. डब्याला तिकलं (माशाचं तिखट-आंबट कालवण) द्या, त्याला खोबरं लागतच नाही.

गुरुवारकर
उपवासाच्या दिवशी काय? साबुदाणा खिचडी एक डबा चालते ना?

पळी_आणि_डाव
१०० ग्रॅम साबुदाणा ३५०, ३० ग्रॅम दाण्याचं कूट १७०, दोन मोठे चमचे तूप दोनशेच्या वर. सव्वासातशे झाले, आणि साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाही. ५० ग्रॅम वरीचा भात, २० ग्रॅम कुटाची आमटी, १५० ग्रॅम दही, काकडी असा डबा चारशेच्या आत बसतो आणि त्याने संध्याकाळपर्यंत निघतं.

कूट उपवासाशिवायही जपून वापरा. कोशिंबिरीत एक, भाजीत एक, चटणीत एक असे मोठे चमचे पडत जातात, आणि दहा ग्रॅमचा एक चमचा ५५-५७ कॅलरीचा. दाणे चांगलेच आहेत, फक्त ते कुठेतरी एकाच ठिकाणी घाला.

डॉक्टरीणबाई_नागपूर
दोन गोष्टी वैद्यकीय बाजूने, कारण वाचणाऱ्यांत सगळे निरोगी नसतात.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी चालू असेल तर पोळी-भात निम्मा करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला. औषधाचा डोस पूर्वीच्या जेवणावर बेतलेला असतो. जेवण घटलं आणि डोस तसाच राहिला तर साखर खाली जाते: घाम, थरथर, धडधड. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीन स्वतःच्या मनाने वाढवू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हा १५०० चा हिशोब वापरू नये.

वेग आठवड्याला अर्धा किलो पुरे. फार झपाट्याने वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. आपल्या लोकांत बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ पासूनच लक्ष द्यायचं असतं. कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर नको. काट्याबरोबर टेपही वापरा.

जेवताना आधी काकडी-भाजी-उसळ, मग पोळी, असा क्रम ठेवला तर साखर हळू चढते. आणि डब्यावर लगेच चहा नको, त्याने कडधान्यातलं लोह शोषायला अडथळा येतो. लिंबाची फोड मात्र डब्यात जरूर असू द्या, तिच्यामुळे उलट मदत होते.

चौकस
मोजमाप यांच्या हिशोबाने डब्यातून रोज निदान ४०० कमी झाल्या, आठवड्याचे पाच दिवस म्हणजे २०००. किलोभर चरबीला ७७०० धरल्या तर आठवड्याला पाव किलो. अर्ध्यावर कसं पोचायचं?

मोजमाप
उरलेलं चारच्या खाण्यातून आणि चहातून. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे दीडशेच्या वर. फरसाणाच्या जागी ३० ग्रॅम फुटाणे, ११० कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रोटीन. किंवा एक पेरू. शिवाय चालणं. आणि हा हिशोब कागदावरचा आहे, वजन उतरेल तशी शरीराची गरजही उतरते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी वेग मंदावला तर घाबरू नका.

सातासमुद्रापार
इकडे ऑफिसात मायक्रोवेव्ह असतो म्हणून आदल्या रात्रीचा भात नेला जातो. तो शिजल्यावर तासाभरात पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये गेला पाहिजे. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस हा जंतू जे विष तयार करतो ते परत गरम करूनही जात नाही. तयार पोळ्यांच्या पाकिटावर एका पोळीचं वजन छापलेलं असतं, ते बघा. बऱ्याच पोळ्या आपल्या दोन पोळ्यांएवढ्या भरतात.

कणीक_कोथिंबीर
सगळ्यांचे आभार, खूप नेमकं मिळालं. आता दोन शंका उरल्या. रोज उसळ म्हणजे मोड काढायचं वेळापत्रक कसं बसवायचं? आणि काकडी दीडपर्यंत पाण्यात पोहायला लागते.

वरणफळं
शुक्रवारी रात्री नाही, शनिवारी रात्री भिजवा. ८ तास पुरतात. रविवारी सकाळी पाणी ओतून फडक्यात बांधा, उन्हाळ्यात १०-१२ तासांत मोड येतात, थंडीत पूर्ण दिवस. ४० ग्रॅम मटकी मोड आल्यावर दुपटीहून जास्त भरते, त्यामुळे कोरडी मोजलेलीच लक्षात ठेवा. फ्रीजमध्ये बुधवारपर्यंत टिकते. पुढच्या दोन दिवसांना मोड लागतच नाहीत: गुरुवारी दाट वरण किंवा डाळ-पालक, शुक्रवारी पिठलं. मोडाचं कडधान्य डब्यात कच्चं देऊ नका, वाफवून द्या. उन्हाळ्यात सहा तास बंद डब्यात कच्चे मोड चिकट होतात.

सुगरण_सातारा
काकडीला पाणी सुटतं ते मिठाने. काकडी मोठ्या फोडींत चिरा, चोचवायची नाही, आणि मीठ-जिरंपूड कागदाच्या पुडीत वेगळी द्या. दहीसुद्धा वेगळ्या घट्ट झाकणाच्या डबीत, रात्री लावून फ्रीजमध्ये ठेवलेलं. सकाळी थंड भरलं की दीडपर्यंत फार आंबट होत नाही. कोशिंबीर खातानाच कालवायची. गाजर, मुळा किसून द्यायचा असेल तर किसाला मीठ न लावता नुसतं लिंबू पिळा.

कणीक_कोथिंबीर
मग सोमवारचा डबा ठरला: दोन पोळ्या, मटकीची दाट उसळ, दुधीची भाजी झाकणावर पाणी ठेवून, दही, काकडीच्या फोडी, लिंबू. लोणचं काढलं.

पळी_आणि_डाव
लोणच्याची एक फोड असू द्या, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहिलं म्हणजे झालं. दुधीची सालं मात्र टाकू नका, तीळ घालून चटणी होते.